श्रेयनामावलीत कुणाचं नाव?

जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' आपण सगळ्यांनी पाह्यला. कुणी समाजमंदिराच्या भिंतीवर, कुणी विहाराच्या पटांगणात चादर ताणून, कुणी मोबाईलवर. मामुटींचा चेहरा पडद्यावर आला की म्हातारी माणसं हात जोडतात, तेही पाह्यलं. पण दोस्तहो, सुरुवातीला जी नावं सरकत जातात ती कुणी वाचली? तेव्हा आपण बसायला जागा शोधत असतो, पोरांना गप्प करत असतो. लेखकाची पाटी येते आणि जाते. त्या सिनेमाच्या लेखनाला तीन नावं आहेत. सूनी तारापोरवाला, अरुण साधू आणि दया पवार.

दया पवार म्हंजे आपला 'बलुतं'वाला दया पवार. सूनी तारापोरवाला मुंबईच्या पारशी बाई, मीरा नायरच्या 'सलाम बॉम्बे'ची (१९८८) पटकथा त्यांची. अरुण साधू पत्रकार, कादंबरीकार. त्यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून याच जब्बार पटेलांनी १९७९ साली 'सिंहासन' काढला, पण त्या वेळी पटकथा साधूंची नव्हती, विजय तेंडुलकरांची होती. म्हंजे एकदा साधू मूळ गोष्टीचे धनी आणि पटकथा दुसऱ्याची. पुढं बाबासाहेबांच्या सिनेमात तेच साधू पटकथेच्या पाटीवर, आणखी दोघांसोबत. तिथं मूळ गोष्ट कुणाची? बाबासाहेबांच्या आयुष्याची. ती कोट्यवधी माणसांनी आपल्या अंगावर भोगलेली. तिच्या नावाला पाटीवर खणच नाही.

सिनेमा पैशानं सरकारी, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा. भाषेनं इंग्रजी. आपल्या भाषा नंतर आल्या, डब होऊन. मराठीत जगलेल्या, मराठीत लिहिलेल्या कवीचं नाव इंग्रजी बोलणाऱ्या सिनेमावर लागलं.

मग या तिघांत कुणी काय लिहिलं? कुठला प्रसंग कुणाचा, कुठलं वाक्य कुणाचं? पाटी हे सांगत नाही. कुठल्याच सिनेमाची पाटी सांगत नाही. ती एवढंच सांगते की ही नावं लावायची असं कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलं. मला त्या टेबलाचा इतिहास लिहायचा आहे. कारण आपली माणसं गोष्ट पुरवतात आणि टेबल मात्र नेहमी दुसऱ्याच्या घरी असतं.

हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला ते सांगतो. मी बोदलकशाचा. तिरोडा तालुका, गोंदिया जिल्हा. १ मे १९९९ पर्यंत आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो. होय, तोच भंडारा, जिथं १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडलं. भोवती जंगल, मधे तलाव. थंडीत परदेशी पाखरं येतात आणि त्यांच्या मागं कॅमेरेवाले. पाखरांचे फोटो निघतात, तलावात जाळं टाकणाऱ्या ढिवराचा निघाला तर पाखराच्या मागं धुरकट निघतो. हे बघून आमच्याकडच्या तीन पोट्ट्यांनी ठरवलं, आपणच सिनेमा काढू. मोबाईलवर वीस मिनिटांचा काढला. काढला तो चांगला. आणि पाटी लावायची वेळ आली तशी तिघांत जुंपली.

पह्यला म्हणे, "गोष्ट माह्या आजीची. मंग नाव माहं नाही त कोनाचं?"

दुसरा म्हणे, "आजीनं सांगतलं, पन रातभर जागून वहीत लिवलं कोनं?"

तिसरा म्हणे, "तुह्या वहीत मानसं पेपरासारखे बोलत होते. बोलाले मी लावलं."

तिघंही खरं बोलत होते. आणि माझ्या ध्यानात आलं की या तीन पोट्ट्यांनी न शिकता सिनेमाच्या धंद्यातल्या तीन पाट्याच उच्चारल्या. कथा, पटकथा, संवाद. आजीचं नाव कुणीच घेतलं नाही, ती गोष्ट वेगळी.

आधी आपल्याकडची जुनी रीत बघू. ही सिनेमाच्या कितीतरी आधीची आहे. चोखोबाचा अभंग घ्या. शेवटच्या चरणात चोखा आपलं नाव घालतो. सोयराबाई स्वतःला चोख्याची महारी म्हणवते आणि तेही अभंगाच्या आतच. या नाममुद्रेचं मोल आपल्या विद्वानांनी भक्तीच्या हिशेबात केलं. मी ते हक्काच्या हिशेबात करतो. ज्याला लिहायची बंदी, ज्याची वही कुणी जपणार नाही, त्यानं आपलं नाव गाण्याच्या पोटात पुरून ठेवलं. गाणं म्हटलं की नाव म्हणावंच लागतं, वृत्तातच बसवलेलं असतं ते. परंपरा सांगते की चोखोबाचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणानं लिहून घेतले. म्हंजे रचणारा महार, लेखणी भटाची. तरी नाव चोख्याचं टिकलं, कारण ते लिहून घेणाऱ्याच्या मर्जीवर नव्हतं. हीच रीत पुढं शाहिरांनी उचलली, आपल्या आंबेडकरी जलशांत आली, भीमराव कर्डकांपासून वामनदादांपर्यंत. वामनदादांची गाणी बिननावानं कितीजणांनी छापली, कितीजणांनी आपल्या कॅसेटांत घातली. पण शेवटचं कडवं आलं की वामन हजर!

आमच्या झाडीपट्टीत दंडार आहे, खडी गंमत आहे. दंडारीला एक लेखक नसतोच. दरसाली नवा माणूस नवं सोंग घालतो, नवी कोटी करतो, जुनं गळून जातं. तिथं भांडण नाही, कारण तिथं विकायला काही नाही. झाडीपट्टीच्या नाटकात मात्र तिकीट आहे, म्हणून तिथं हँडबिलावर लेखकाचं नाव आलं. जिथं पैसा शिरला तिथं पाटी शिरली, हे एवढं साधं आहे.

सिनेमाची पाटी नाममुद्रेसारखी नाही. ती गाण्याच्या पोटात नसते, वर चिकटवलेली असते. चिकटवणारा काढूही शकतो.

आपल्या सिनेमात लेखकाचे तीन तुकडे कसे पडले? भाषेमुळं. गोष्ट एका भाषेतली, बोलणं दुसऱ्या. १९३७ साली प्रभात कंपनीनं 'कुंकू' काढला, नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. तोच हिंदीत 'दुनिया न माने' म्हणून निघाला तेव्हा संवाद मुन्शी अझीझ यांचे. स्टुडिओच्या त्या जमान्यात संवाद लिहिणारा मुन्शी कंपनीचा पगारी नोकर असायचा, सुतार-रंगाऱ्यांसारखा. कथेच्या मालकाला मान, मुन्शीला महिना. तीन पाट्यांची ही वाटणी अजून चालू आहे. १९८३ चा 'अर्धसत्य' बघा. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची, हिंदी संवाद वसंत देवांचे. शिवाय ज्या कवितेनं सिनेमाला नाव दिलं ती दिलीप चित्र्यांची. चार लिहिणारे आणि चौघं मराठी मुलखातले. इथं कुणाचं नाव दाबलं गेलं नाही, ही चांगली गोष्ट. पण तशी सक्ती नव्हती. निर्माता-दिग्दर्शक भला निघाला.

भल्या माणसावर आपण किती काळ भिस्त ठेवायची? अमेरिकेतल्या लेखकांनी हा प्रश्न १९३३ सालीच केला आणि स्क्रीन रायटर्स गिल्ड ही संघटना उभी केली. त्याआधी तिथं स्टुडिओचा मालक म्हणेल त्याचं नाव लागायचं. पाच जणांनी लिहिलं तरी मालकाच्या पाहुण्याचं नाव पाटीवर. संघटना भांडली, कंपन्यांनी मालकधार्जिणी दुसरी संघटना काढून हिला मोडू पाह्यलं. (गिरणीकामगारांच्या घरातल्या पोरांना ही चाल नवी नाही.) शेवटी १९४१ च्या सुमारास करारात एक गोष्ट मिळाली. लेखनाचं श्रेय कुणाचं हा वाद निर्माता सोडवणार नाही, लेखकांची संघटना सोडवील. टेबल लेखकांच्या घरी आलं.

ते टेबल कसं चालतं हे नीट समजून घ्या, कामाचं आहे. सिनेमा तयार झाला की कंपनी त्यावर काम केलेल्या प्रत्येक लेखकाला कळवते की आम्ही अमुक नावं लावणार आहोत. ज्याला मान्य नाही त्यानं मुदतीत हरकत घ्यायची. दिग्दर्शक किंवा निर्माताच लेखक म्हणून नाव लावू बघत असेल तर हरकतीची वाट न बघता प्रकरण आपोआप लवादाकडं जातं. लवाद म्हंजे तीन लेखक, संघटनेचेच. त्यांची नावं कुणाला कळत नाहीत आणि त्यांनाही भांडणाऱ्यांची नावं कळत नाहीत. खर्ड्यांवरचं नाव काढून लेखक अ, लेखक ब, लेखक क अशी अक्षरं घालतात. तिघं सगळे खर्डे पह्यल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. तिघांतल्या दोघांचं मत पडलं की निकाल.

आणि मोजतात काय? ओळी मोजत नाहीत. गोष्टीची बांधणी, प्रसंग, माणसांचं घडवणं आणि संवाद या चार अंगांनी बघतात. कादंबरीवरून केलेली पटकथा असेल तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा दिसला तर नाव. पटकथा पह्यल्या लेखकाची स्वतंत्र असेल तर मागून आलेल्याला निम्मा वाटा दाखवावा लागतो. म्हंजे पह्यल्यानं कोऱ्या कागदावर जे उभं केलं त्याला जादा वजन. मला हे पटतं. कोरा कागद काय असतो ते आपल्या पह्यल्या पिढीला विचारा.

साधारणपणे पटकथेच्या पाटीवर दोनच नावं, लवादानं म्हटलं तरच तीन. दोघांनी जोडीनं बसून लिहिलं असेल तर दोन नावांमधे वळणाचं अँडचं चिन्ह, एकाचं लिहिलेलं दुसऱ्यानं मागून पुन्हा लिहिलं असेल तर अँड हा शब्द अक्षरांत. चिन्ह बघून धंद्यातला माणूस ओळखतो की हे एका चटईवर बसले होते की एकमेकाला ओळखतही नव्हते. आपल्या 'आणि'त ही सोय नाही. साधू आणि पवार असं लिहिलं तर आपल्याला काहीच उमगत नाही. जी नावं बाहेर राहतात त्यांच्यासाठी २०२१ साली अमेरिकेतल्या लेखकांनी मत देऊन सिनेमाच्या शेवटी वेगळी जागा मंजूर करून घेतली, जादा लेखनसाहित्य देणाऱ्यांची. ऐंशी वर्षं लागली त्याला.

पण टेबल हातात आलं म्हणून भागत नाही, हेही त्याच इतिहासात आहे आणि आपण चळवळीच्या लोकांनी ते जास्त ध्यानात घ्यावं. १९४७ साली अमेरिकी संसदेच्या समितीनं सिनेमावाल्यांना कम्युनिस्ट आहेस की नाही असं विचारायला सुरुवात केली. दहा जणांनी उत्तर द्यायला नकार दिला, ते तुरुंगात गेले. मग काळी यादी आली. आणि १९५२ साली त्याच लेखकांच्या संघटनेनं कंपन्यांना मुभा दिली की ज्या लेखकानं समितीसमोर स्वतःला धुऊन घेतलं नाही त्याचं नाव पाटीवरून काढा. लवाद नाही, खर्डे नाहीत, अ-ब-क नाही. ज्या टेबलासाठी भांडले तेच टेबल मालकाच्या अंगणात नेऊन ठेवलं.

डाल्टन ट्रंबो हा त्या दहांतला. त्यानं 'रोमन हॉलिडे'ची गोष्ट लिहिली, नाव लागलं मित्राचं, इयान मॅक्लेलन हंटरचं, ऑस्करही मित्राला. मग 'द ब्रेव्ह वन' लिहिला, रॉबर्ट रिच या नावानं. त्यालाही ऑस्कर मिळालं आणि त्या नावाचा लेखक घ्यायला येईना, कारण तसा लेखकच नव्हता. 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) हा तर कहर. पटकथा लिहिली मायकेल विल्सन आणि कार्ल फोरमन या यादीतल्या दोघांनी. पाटीवर नाव मूळ कादंबरीकार पियर बूलचं. फ्रेंच माणूस, इंग्रजी पटकथेतला शब्द त्यानं लिहिला नव्हता. त्यालाच ऑस्कर. १९६० साली 'स्पार्टाकस' आणि 'एक्झोडस'वर ट्रंबोचं नाव उघड लागलं तेव्हा यादी फुटली. विल्सन आणि फोरमनचं ऑस्कर १९८५ साली त्यांच्या विधवांच्या हाती दिलं. 'रोमन हॉलिडे'वर ट्रंबोचं नाव संघटनेनं २०११ साली लावलं. सिनेमा १९५३ चा. ट्रंबो १९७६ लाच गेला होता.

आता मुंबई. इथंही लेखकांची संघटना आहे. पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन, १९६० साली कामगार संघटना म्हणून नोंदलेली, आताची स्क्रीनरायटर्स असोसिएशन. तिथं गोष्ट नोंदवता येते, तिची वाद सोडवणारी समिती आहे. पण अमेरिकेतल्यासारखा, सगळ्या निर्मात्यांना बांधणारा करार इथं रुजला नाही. किमान करार व्हावा म्हणून संघटनेची खटपट कित्येक वर्षांची आहे. तो नसल्यामुळं पाटी ठरते प्रत्येकाच्या खाजगी करारावर, आणि करार लिहितो निर्मात्याचा वकील.

या अवस्थेत दोघांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक असलेलं सांगतो. १९७३ साली 'जंजीर' लागला. मुंबईभर पोस्टरं लागली, लेखकाचं नाव नाही. सलीम खान आणि जावेद अख्तर यांनी एका माणसाला पैसे देऊन शहरभर पाठवलं आणि पोस्टरांवर स्टेन्सिलनं रंगवून घेतलं, लेखक सलीम-जावेद. त्यानं जागा न बघता रंगवलं, कुठं नटाच्या तोंडावर, कुठं हातावर. ते दोघं स्वतः हा किस्सा सांगत आले आहेत. मला यातली स्टेन्सिल फार आवडते. आपल्या सायक्लोस्टाईल अंकांचीही स्टेन्सिलच होती. छापखानेवाला उधार देईना, मासिकवाले परत पाठवीत, म्हणून टोकदार लेखणीनं मेणकागद कोरला आणि आपली नावं आपणच छापली. फरक इतकाच की सलीम-जावेदच्या मागं गर्दी खेचणारा सिनेमा उभा होता. त्यांनी जोडनाव घेतलं हेही हुशारीचं. गोष्ट कुणाची, संवाद कुणाचे, हे विचारायची सोयच ठेवली नाही. १९८० च्या दशकाच्या तोंडाशी दोघं वेगळे झाले. पाट्यांवर ते अजून जोडलेलेच आहेत.

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५७ वं कलम आहे. हक्क विकला तरी ही कृती माझी आहे असं म्हणायचा आणि तिची मोडतोड झाल्यास दाद मागायचा अधिकार लेखकाजवळ राहतो. १९८६ साली मन्नू भंडारी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यांच्या 'आपका बंटी' कादंबरीवरून 'समय की धारा' सिनेमा केला होता. त्यांची तक्रार मोडतोडीची होती, नावाची नव्हती. पण न्यायालयानं धडधडीत सांगितलं की करारानं हक्क दिले तरी लेखकाचा हा खास अधिकार संपत नाही. करार ज्याच्या टेबलावर होतो त्याला यानं थोडी तरी कचर बसली.

आणि पैसा. नावाबरोबर पैसा यायलाच पाहिजे, नाहीतर नाव भिंतीवर लावून भाकर येत नाही. अण्णाभाऊ साठ्यांचं नाव काय कमी होतं? 'वैजयंता' (१९६१), 'फकिरा' (१९६३) असे सिनेमे त्यांच्या कादंबऱ्यांवरून झाले. 'फकिरा' तर त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली कादंबरी. नाव लागलं, गाजलं. अण्णाभाऊ १९६९ साली हलाखीत गेले. सिनेमा पुन्हापुन्हा चालला म्हणून लेखकाच्या घरी पुन्हापुन्हा काही यावं अशी तेव्हा तजवीज नव्हती. ती आली २०१२ साली. कायद्यात दुरुस्ती झाली, थिएटरबाहेर सिनेमा जिथं जिथं चालेल तिथल्या मानधनात लेखकाचा समान वाटा, आणि हा वाटा वारसाला किंवा लेखकांच्या नोंदलेल्या संस्थेला सोडून कुणाला लिहूनही देता येत नाही. लिहून दिला तरी तो कागद रद्द. त्यासाठी राज्यसभेत भांडले त्यांत जावेद अख्तर होते, स्टेन्सिलवाले. दुरुस्ती अण्णाभाऊंनंतर ४३ वर्षांनी आली.

इथं आपल्यातला कुणी म्हणेल, सिनेमाचं काय घेऊन बसलात, आपल्याला मोठे प्रश्न आहेत. मग मोठाच घेऊ. संविधान कुणी लिहिलं? दर २६ नोव्हेंबरला कुणीतरी उठतो आणि म्हणतो, आंबेडकरांनी कुठं लिहिलं, ते तर बी. एन. राव यांनी लिहिलं. आपली पोरं चिडतात, शिव्या देतात. चिडू नका, खर्डे काढा. लवादासारखे अ-ब-क करून वाचा. घटना सल्लागार राव यांनी १९४७ च्या ऑक्टोबरात पह्यला कच्चा खर्डा केला, ही गोष्ट खरी. त्यावर मसुदा समिती बसली, बाबासाहेब अध्यक्ष. तिचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मधे आला. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एकेका कलमावर उभं राहून उत्तर कुणी दिलं? समितीत सात माणसं होती. कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, कुणी अमेरिकेत, कुणी संस्थानाच्या कामात, कुणी दिल्लीपासून लांब. ओझं एकट्या आंबेडकरांवर पडलं, हे ५ नोव्हेंबर १९४८ ला सभागृहात टी. टी. कृष्णमाचारींनी सांगितलं. ते आपले कुणी नव्हते. बांधणी, प्रसंग, संवाद, कुठल्याही मापानं मोजा, लवाद कुणाच्या बाजूनं जाईल?

आणि बाबासाहेब स्वतः काय म्हणाले? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी आपल्याला दिलं जाणारं श्रेय एकट्याकडं ठेवलं नाही. त्यातला भाग राव यांचा म्हणून सांगितलं. समितीच्या सभासदांचा सांगितला. आणि सगळ्यात जास्त कौतुक केलं एस. एन. मुखर्जींचं, कलमाची भाषा बसवणाऱ्या मुख्य मसुदाकाराचं. म्हंजे आपल्या सिनेमाच्या हिशेबात संवाद लिहिणाऱ्याचं, मुन्शीचं. ज्यांनी विरोध केला त्यांचीही नावं घेतली, त्यात आपल्या विदर्भाचे पंजाबराव देशमुख. श्रेयनामावली अशी असते! आणि ज्यानं संविधान हातानं सुंदर अक्षरात उतरवलं त्या प्रेमबिहारी नारायण रायजादांनी म्हणे पैसे मागितले नाहीत, प्रत्येक पानावर आपलं नाव मागितलं. ते आहे.

आता जरा कडू. आपण काय केलं? 'बुद्ध आणि त्याचा धम्म'साठी बाबासाहेबांनी १५ मार्च १९५६ ला प्रस्तावना लिहिली. त्यात त्यांनी माईसाहेबांच्या शुश्रूषेचे, डॉक्टर मालवणकरांचे आभार मानले, त्यांच्यामुळं ग्रंथ पुरा करण्याइतकं आयुष्य लाभलं असं लिहिलं. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. ती लोकांपुढं आणली भगवान दासांनी, १९८० साली. माईसाहेबांवर आपण कसले आरोप केले ते सगळ्यांना माहीत आहे. एका बाईचं नाव, खुद्द बाबासाहेबांनी लिहिलेलं, २३ वर्षं बाहेर राह्यलं. तिथं हॉलिवूडचा मालक नव्हता. पँथर कुणी काढली यावर आपण किती शाई सांडली त्याचा हिशेब मी करत नाही. पण त्या सगळ्या शाईत बायकांची नावं किती, हे मोजा एकदा.

म्हणून त्या तीन पोट्ट्यांना मी एवढंच सांगितलं. वह्या आणा, खर्डे तारखेनिशी लावा, पुढचा सिनेमा सुरू करायच्या आधी नावं कागदावर ठरवा आणि सह्या करा. तीन पाट्या वेगवेगळ्या लावा. आणि आजीचं नाव मूळ गोष्टीला. एकजण म्हणाला, "भाऊ, आजीचं खरं नाव कोनाले माहीत हाय?" आधार कार्ड काढून बघावं लागलं.

दया पवारांकडं परत येतो, कारण हा घोळ त्यांना सगळ्यांआधी कळला होता. 'बलुतं' (१९७८) काढून बघा. तिथं दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतोय आणि दया पवार ऐकतोय, लिहितोय. माणूस एकच. पण महारवाड्यात ज्याला दगडू म्हटलं तो भोगणारा आणि साहित्यात ज्याला दया म्हणतात तो लिहिणारा, हे दोघं वेगळे आहेत आणि पुस्तक दोघांचं आहे, असं त्यांनी पह्यल्या पानांतच मांडून ठेवलं. समीक्षकांनी याला निवेदनाची क्लृप्ती म्हटलं. मी वाचतो तेव्हा मला ती कथा-लेखनाची पाटी दिसते. मुखपृष्ठावर दयाचं नाव असलं तरी आत दगडूचं नाव अख्खं, बापाच्या नावासकट. चोखोबानं केलं तेच.

बाबासाहेबांच्या सिनेमावर लागलं ते नाव दयाचं. दया पवार १९९६ साली वारले. सिनेमा पुरा झालेला त्यांनी पाह्यला नाही. त्याला १९९८ सालचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. इंग्रजीतला उत्कृष्ट सिनेमा, उत्कृष्ट अभिनेता मामुटी (अजय देवगणसोबत वाटून), कलादिग्दर्शन नितीन देसाई. लेखनाला नाही. त्या साली सर्वोत्कृष्ट सिनेमा ठरला श्याम बेनेगलांचा 'समर', आणि पटकथेचा पुरस्कारही त्याच्याच लेखकाला, अशोक मिश्रांना. शहरातली सिनेमावाली मंडळी दलितावरच्या अन्यायाचा सिनेमा काढायला मध्य प्रदेशातल्या एका खेड्यात जातात, अशी त्याची गोष्ट आहे.